वर जाणारी लाल रेघ

प्रिय पोरी,

रविवारी तू आलीस तेव्हा चहा निवून गेला तरी कपाकडे तुझं लक्ष नव्हतं. लॅपटॉपवर तुझ्या फ्यूजरचं, म्हणजे विजेच्या जाळीकडे आयन खेचून त्यांची टक्कर घडवणाऱ्या छोट्या यंत्राचं, सिम्युलेशन चालू होतं. त्यातल्या ऊर्जेच्या लाल रेघेवर बोट ठेवून म्हणालीस, "सर, पुरवठ्याची ऊर्जा वजा केली तरी रेघ वरच जातेय!" तेवढ्यात लाइन गेली, बॅटरी संपत आलेली, बोलणं अर्धवट राहिलं. बरंच झालं म्हण. समोर असतीस तर मी घाईघाईत काहीतरी लागेलसं बोलून बसलो असतो.

ती रेघ फ्यूजनची, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जुळून निघणाऱ्या ऊर्जेची, नाही. तुझ्या प्रोग्रॅममध्ये अजून फ्यूजन घातलेलंच नाही, नुसते इलेक्ट्रॉन आणि ड्यूटेरियमचे (जड हायड्रोजनचे) आयन इकडून तिकडे पळताहेत. मग ऊर्जा आली कुठून? मी तुझे आकडे वहीत उतरवून घेतले होते. घनमीटरला एकावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन, तापमान १० इलेक्ट्रॉनव्होल्ट. यातून डेबाय लांबी काढ, म्हणजे एका कणाचा विद्युतप्रभाव जेवढ्या अंतरात आजूबाजूचे कण झाकून टाकतात ती. उत्तर येतं पाव मिलिमीटरच्या आसपास. आणि तुझ्या प्रोग्रॅमने जागेचे चौकोन पाडलेत, त्या जाळ्याचा एकेक चौकोन आहे ५ मिलिमीटरचा. चौकोन डेबाय लांबीहून इतका मोठा असला की प्लाझ्मा, म्हणजे हा इलेक्ट्रॉन-आयनांचा वायू, आपोआप तापतो. खरा नाही, कॉम्प्युटरमधला. आणि ती लांबी चौकोनाच्या जवळपास पोचेपर्यंत तापतच राहतो. या रोगाला आकडेमोडीची उष्णता म्हणतात. तुझी ही कण आणि चौकोनांची पार्टिकल-इन-सेल पद्धत वापरणाऱ्या बहुतेकांना तो एकदा तरी होतो, कांजिण्यांसारखा.

वेळेच्या पावलाचंही तसंच, म्हणजे प्रोग्रॅम एका दमात वेळ किती पुढे नेतो त्याचं. या घनतेला प्लाझ्माचं एक आंदोलन साधारण एका नॅनोसेकंदात पुरं होतं, म्हणून पाऊल ३० पिकोसेकंदांच्या आसपास ठेव (एका नॅनोसेकंदात हजार पिकोसेकंद). लॅपटॉप रडेल. रडू दे, किंवा आधी एकाच मितीत कर. फ्यूजर बाजूला ठेवून दोन साध्या परीक्षा घे. थंड प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन थोडे सरकवून सोड आणि ते पुस्तकातल्या वारंवारतेने झुलतात का बघ. मग समोरासमोरून दोन सारखे थंड इलेक्ट्रॉन झोत सोड. त्यांच्यातली अस्थिरता जास्तीत जास्त किती वेगाने वाढते ते कागदावर काढता येतं, एका झोताच्या प्लाझ्मा वारंवारतेच्या निम्मं. तुझा आकडा त्याच्याशी जुळला की मला फोन कर, रात्री अकरा वाजले असले तरी चालेल.

आता हिशेबाचं. तुझे बाबा कापसाचा खर्च मांडतात तेव्हा बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी धरतात. तुझ्या आईने निंदणात घातलेले दिवस कुठे लिहिलेले असतात का? शेवटी वहीत चार पैसे उरलेले दिसतात आणि खिशात काही नसतं. फ्यूजनच्या बातम्या वाचताना हे डोक्यात ठेव. ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत इंधनाच्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल लेझर टाकला आणि ३.१५ मेगाज्यूल निघाले. काम खरोखर मोठं आहे, मी त्या दिवशी पेढे आणले होते. पण तो लेझर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली. आपल्या बिलाच्या भाषेत सांगतो. ८३ युनिट जाळून एक युनिटही पुरतं हाती आलं नाही. कुंपण कुठे घातलंय, लेझरच्या पुढे की मीटरच्या मागे, त्यावर नफा-तोटा ठरतो. त्यांनी कुंपण कुठे आहे ते सांगितलं होतं, बातम्या देणारे विसरले. तू तुझ्या प्रत्येक आलेखाखाली ते लिहीत जा.

तुझ्या फ्यूजरचं गणितही असंच करून पाहू. आतल्या जाळीवर ऋण ३० हजार व्होल्ट, प्रवाह १० मिलिअँपिअर. म्हणजे ३०० वॅट. हौशी माणसाने फार चांगलं यंत्र बनवलं आणि सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन मिळाले असं धरू. दोन ड्यूटेरियम जुळले की निम्म्या वेळा हीलियम-३ आणि न्यूट्रॉन, निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन. म्हणजे सेकंदाला वीस लाख जुळण्या, प्रत्येकीचे सरासरी ३.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. गुणाकार कर. एक मायक्रोवॅटच्या थोडं वर. ३०० वॅट घालून. शून्यं मोज आणि मग गावाला वीज देण्याची कल्पना माझ्यापुढे परत मांड.

हे असं काहून होतं ते समजून घेणं मला यंत्र बांधण्यापेक्षा जास्त रुचतं. जाळी ९५ टक्के मोकळी असली तरी आयन ती वीसदा ओलांडेपर्यंत शंभरातले छत्तीसच उरतात, बाकीचे तारेवर आपटून तार लाल करतात. त्यात वायू इतका दाट की वेगवान आयन काही सेंटिमीटर जातो न जातो तोच एखाद्या सुस्त रेणूकडून इलेक्ट्रॉन उचलून स्वतः उदासीन होतो आणि सरळ भिंतीवर जातो. आणि दोन आयन समोरासमोर आलेच, तर जुळण्यापेक्षा एकमेकांना बगल देऊन वाकडे जाण्याची शक्यता कितीतरी पट जास्त. हे तिन्ही तोटे तुझ्या सिम्युलेशनमध्ये घाल. इंधनाचा प्रश्न नाही, तुमच्या विहिरीच्या लिटरभर पाण्यातही सुमारे ३३ मिलिग्रॅम ड्यूटेरियम असतं. प्रश्न तोट्याचा आहे. ब्रिटिश अभियंता जॉन लॉसनने १९५५ मध्ये हेच मांडलं, घनता, तापमान आणि ऊर्जा किती वेळ धरून ठेवता येते याचा हिशेब. त्याच वर्षी जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी वीस वर्षांत नियंत्रित फ्यूजन साधेल असा अंदाज केला होता. भाभांचा अंदाज हुकतो, तर तुझ्या लाल रेघेचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता तुला गोठ्यात खरोखरचा फ्यूजर बांधायचाय, त्याबद्दल. "वीस-तीस हजार व्होल्टच तर आहेत सर" असं तू म्हणालीस. तुमच्या धुऱ्यावरून जाते ती लाइन अकरा हजारांची. वादळात तिचा जंपर तुटला तेव्हा गावात कोणी डीपीकडे फिरकलं होतं का?

माझंच सांगतो. रंगीत टीव्ही दुरुस्त करण्याची मला खोड होती. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब पंचवीस-एक हजार व्होल्टवर चालते. प्लग काढून ठेवलेला, दहा मिनिटं गेलेली, म्हणून मी रबरी टोपीखाली बोट घातलं. ट्यूबमध्ये भार शिल्लक होता. मी स्टुलासकट मागे पडलो, कोपर भिंतीवर आपटलं, ते आजही थंडीत ठणकतं. ती ट्यूब थोडाच भार साठवते म्हणून मी हे पत्र लिहितोय. तुझा पुरवठा तेवढ्यावर थांबणार नाही. शिवाय इतक्या व्होल्टला क्ष-किरण निघतात. त्यासाठीच टीव्हीची काच जाड आणि शिसं घातलेली असायची. (फ्यूजर काढणारा फार्न्सवर्थ आधी इलेक्ट्रॉनिक टीव्हीचा शोधकर्ता, १९२७ सालचा. दोन्ही यंत्रांचं घराणं एकच.) आणि किरणं निघणारं यंत्र आपल्याकडे अणुऊर्जा नियामक परिषदेच्या परवानगीशिवाय चालवता येत नाही. गोठ्याला ती मिळायची नाही, मिळूही नये.

हात शिवशिवत असतील तर निर्वात शिक. १९९१ मध्ये मी शाळेच्या प्रयोगशाळेत फ्रिजचे दोन जुने कॉम्प्रेसर एकामागे एक जोडले, पुढे काचेची नळी, तिला प्रयोगशाळेतलं इंडक्शन कॉइल. तीन आठवडे काही नाही. फूट व्हॉल्व्ह गळका असला की पंप कितीही घुमवा, पाणी चढत नाही, अगदी तसं. शेवटी उलटं केलं. सायकलच्या पंपाने आत हवा भरली आणि जोडांना साबणाचं पाणी लावलं. ज्या जोडावर माझा सगळ्यात जास्त विश्वास होता तिथेच बुडबुडे आले. तो बदलला आणि संध्याकाळी नळीत उजेड आला, पिकल्या जांभळाच्या रसात पाणी घातल्यासारखा. मी खोलीचे दिवे बंद करून पोरांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने विजेचं बिल कोण भरणार ते विचारलं आणि प्रयोग आवरला. पण ती पोरं भेटली की अजून त्या उजेडाचंच बोलतात. अशी नळी आपण तुझ्या कॉलेजात, तुझ्या मॅडम उभ्या असताना करू. घरी नाही.

खरं यंत्र बघायचं तर गांधीनगरजवळ भाट गावात प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. आदित्य टोकामॅक, म्हणजे चुंबकांनी प्लाझ्मा धरून ठेवणारं यंत्र, तिथलाच, १९८९ मध्ये सुरू झालेला. उन्हाळ्यात ते विद्यार्थ्यांना घेतात, अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत बघ. अर्जात लाल रेघेची गोष्ट लिही, चूक कशी सापडली त्यासकट. फ्यूजर बांधल्याचं सांगणारे त्यांना भेटत असतील, आपलाच आलेख खोडणारे कमी.

बाबांना सांग, बोंडअळीच्या सापळ्यांचं मी विचारून ठेवलंय, मिळतील. रविवारी ये, चौकोन बारीक करून. सकाळीच ये, दुपारी आमच्याकडे लाइन नसते. आणि चार्जर विसरू नकोस.

तुझा,
सर