बोंगार्ड कोडी सोडवताना आणि रचताना

बोंगार्ड कोड्यात डावीकडे सहा आणि उजवीकडे सहा चौकटींत आकृत्या काढलेल्या असतात, आणि दोन्ही बाजूंना वेगळं करणारा नियम ओळखायचा असतो. डावीकडच्या सहा चौकटींतलं साम्य सापडतं, पण तेच उजवीकडच्या सहांनाही लागू पडतं. आणि तुम्ही रचलेल्या कोड्याचं लोक भलतंच उत्तर काढतात. दोन्ही अडचणींचं मूळ एकच: नियम म्हणजे डावीकडचं साम्य नव्हे, दोन बाजूंमधला फरक.

म्हणून आधी डावीकडची एक आणि उजवीकडची एक अशा जास्तीत जास्त सारख्या दिसणाऱ्या दोन चौकटी निवडा. त्यांच्यात जे थोडंफार वेगळं आहे, त्यातच बहुधा नियम असतो. मग सगळ्यात रिकामी चौकट बघा. तिथे एकच आकृती असेल, तर दोन आकृत्यांच्या नात्यावरचे सगळे नियम एका फटक्यात बाद.

आकार, जागा, कल, पोकळ की भरीव, यांतलं जे दोन्ही बाजूंना मनमानी बदलतंय ते खोडत जा. बहुतेकजण अडकतात ते इथेच. डावीकडे मोठी आकृती भरीव आणि उजवीकडे लहान भरीव, असा नियम असेल तर आकार आणि भरीवपणा सुटे सुटे पाहून काहीच हाती लागत नाही, कारण दोन्ही गोष्टी दोन्हीकडे आहेत. तेव्हा खोडलेले गुण फेकून देऊ नका. काहीच उरलं नाही तर त्यांच्या जोड्या लावून बघा. सोव्हिएत संगणकशास्त्रज्ञ मिखाईल बोंगार्ड यांनी १९६७ च्या पुस्तकात अशी १०० कोडी दिली. यंत्राला आकृती ओळखणं किती अवघड जातं हे त्यांना दाखवायचं होतं, आणि ते या नात्यांच्या कोड्यांत फार सुंदर दिसतं.

रचताना नियम आधी एका वाक्यात लिहा. मग प्रत्येक चौकटीला एक ओळ असा बारा ओळींचा तक्ता करा, रकाने असे: संख्या, आकार, रंग, जागा, कल. नियमाबाहेरचा प्रत्येक गुण दोन्ही बाजूंना आलाच पाहिजे. "तीन ठिपके विरुद्ध चार ठिपके" या कोड्यात सगळे ठिपके सारखेच काढले तर चारच्या बाजूला काळा भाग जास्त होतो आणि लोक तेच उत्तर देतात. त्यांचं चुकत नाही. काही चौकटींत तीन मोठे, काहींत चार बारीक काढा. "मोठं विरुद्ध लहान" असेल तर मधल्या मापाचं काही ठेवू नका. आणि रेषा पट्टीनेच ओढा, नाहीतर थरथरलेली बाजू हाच नियम वाटतो.

उजवी बाजू नुसती "तसं नसलेली" असेल, तर तिथल्या निदान दोन-तीन आकृत्या अगदी एकाच बाबतीत चुकणाऱ्या हव्यात. सममितीच्या कोड्यात तिथे वेडेवाकडे डाग नकोत, एकच कोपरा हललेली आकृती हवी.