यंत्र घेऊ नका. आधी पावतीतला ‘100’ वाचा

एका वाचकाचं पत्र आहे. घरी साठ हजार लिटरचा उघड्यावरचा स्विमिंग पूल. क्लोरीनच्या गोळ्या, शॉक पावडर (एकदम भरपूर क्लोरीन देणारी), शेवाळनाशक सगळं टाकून झालं, तरी दर पंधरा दिवसांनी पाणी हिरवं. आता विक्रेता मिठाचं क्लोरीनेटर घ्या म्हणतो: ‘क्लोरीनमुक्त पूल, साडेतीन वर्षांत पैसे वसूल.’ निम्मे पैसे आपत्कालीन निधी मोडून, निम्मे बिनव्याजी हप्त्यांनी द्यायचे. रोख दिले तर दहा टक्के सूट. प्रश्न एवढाच, की हप्ते जास्त घ्यावेत की रोख जास्त द्यावी?

दोन्ही नको. रोखीला सूट आहे, म्हणजे ती दहा टक्के हेच तुमचं व्याज; बिनव्याजी हा शब्द खोडून टाका. आणि ‘क्लोरीनमुक्त’ तर निव्वळ थाप. हे यंत्र विजेच्या जोरावर मिठापासून क्लोरीनच बनवतं. तुमच्या पूलला त्यासाठी दोनशे किलोच्या आसपास मीठ लागेल.

पण पत्रासोबत तुम्ही देखभालवाल्याच्या आठ महिन्यांच्या पावत्या जोडल्यात, त्याबद्दल आभार. तुम्ही क्लोरीनचा रकाना लाल शाईने अधोरेखित केलाय. मी त्याच्या शेजारचा बघतोय. स्टॅबिलायझर: 100, 100, 100... आठही वेळा. पाण्यात कुठलाही आकडा इतका शहाण्यासारखा वागत नाही. ही तपासणी कशी होते ते एकदा उभं राहून बघा. नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो. औषध मिसळून गढूळ झालेलं पाणी हळूहळू ओतायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून खूण वाचायची. स्टॅबिलायझर जितकं जास्त तितका ठिपका लवकर झाकतो, आणि नळीवरची सगळ्यात खालची, मोठ्यात मोठी खूण 100 असते. म्हणजे तुमचा आकडा ‘100’ नाही, ‘100 किंवा कितीही’ आहे.

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक आम्ल. ते थोडं लागतंच, नाहीतर भर उन्हात निम्मं क्लोरीन तासाभरात उडून जातं. पण ते जास्त झालं की क्लोरीनला असं धरून ठेवतं की त्याच्या हातून काम होत नाही. ठोकताळा असा, की स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी मुक्त क्लोरीन हवं. 40 असेल तर 3 पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग) पुरे. 200 असेल तर 15. तुम्ही ठेवता 2 ते 3, मग शेवाळाने का जावं?

हे आलं कुठून? देखभालीच्या करारात मिळणाऱ्या तुमच्या ‘फुकट’ गोळ्यांतून. ट्रायक्लोरची 200 ग्रॅमची एक गोळी तुमच्या पूलमध्ये 3 पीपीएम क्लोरीन देते आणि जाताजाता पावणेदोन पीपीएम स्टॅबिलायझर ठेवून जाते. दिवसाआड एक, म्हणजे सहा महिन्यांत नव्वद गोळ्या: 160 पीपीएम. क्लोरीन खर्च होतं, हे शिल्लक राहतं. बाष्पीभवनानेही जात नाही. पाणी बाहेर गेलं तरच जातं, आणि तुम्ही दोन वर्षांत बॅकवॉशपलीकडे (फिल्टर उलटा धुताना जातं तेवढंच) पाणी बदललेलं नाही. वर तुमची शॉक पावडर डायक्लोरची. तिच्यात 10 पीपीएम क्लोरीनमागे 9 स्टॅबिलायझर! औषधच रोग वाढवतंय.

ज्याचा माल खपतो तो देखभालवालाच पाणी तपासतो, आणि त्याला दोन वर्षांचे पैसे तुम्ही आगाऊ दिलेत. विम्याच्या बाबतीत हे मी रोज बघतो. पूलमध्ये पहिल्यांदाच पाहिलं.

आता हिशेब. तुमचा सध्याचा वार्षिक खर्च 100 धरू: करार 45, शॉक 35, शेवाळनाशक 20. विक्रेता हे सगळे शंभर वाचतील असं धरतो, म्हणून 350चं यंत्र साडेतीन वर्षांत फिटतं. पण पाणी ताळ्यावर असेल तर द्रवरूप क्लोरीन आणि आम्ल (सायन्युरिक नव्हे, पाण्याचा pH उतरवायचं) मिळून 45मध्ये भागावं. यंत्र घेतलं तरी वीज आणि आम्ल यांचे 15 राहतातच. वाचले 30. साडेतीन नाही, बारा वर्षं. यंत्राचा सेल, म्हणजे क्लोरीन बनवणारा भाग, टिकतो तीन ते सात वर्षं, आणि नव्याची किंमत तुमच्याच कोटेशनमध्ये 120 आहे. पाच वर्षांत वाचवायचे 150 आणि त्यातले 120 सेलला. शिवाय आजच्या पाण्यात बसवलंत तर यंत्र दिवसरात्र राबूनही पूल हिरवाच राहील.

करायचं ते असं. स्वतःचं टेस्ट किट घ्या, थेंब मोजायचं. गुलाबी रंगाच्या चाचणीत क्लोरीन फार जास्त असेल तर रंगच उडतो, शून्य वाटतं आणि माणूस आणखी ओततो. पूलचं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळून ठिपका बघा, येईल त्याची दुप्पट करा. तरी 100च्या पुढे? चौथाई घ्या, चौपट करा.

200 निघाला तर निम्मा पूल रिकामा करून भरा, आणि पुन्हा एकदा निम्मा: 200, 100, 50. एका पूलभर पाण्याचा खर्च. एकदम तळापर्यंत उपसू नका. जमिनीखालचं पाणी वर असेल तर रिकामा पूल खालून उचलला जातो. मग ती दुरुस्ती आपत्कालीन निधीतूनच करावी लागेल.

त्यानंतर रोज संध्याकाळी, पंप चालू असताना, दहा टक्क्यांचं द्रवरूप क्लोरीन पावणेदोन लिटर. एवढ्याने 3 पीपीएम मिळतं. सवलत आहे म्हणून सहा महिन्यांचा साठा करू नका, उन्हाळ्यात त्याची ताकद उतरते.

करार पुढे वाढवू नका. उरलेल्या गोळ्यांचे पैसे गेलेले आहेत, त्या ‘वसूल’ करायला पाण्यात टाकू नका. आठ दिवस बाहेरगावी जाल तेव्हा चार गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवा, स्टॅबिलायझर सातेक पीपीएमने वाढेल, तेवढं चालतं. तोवर त्या कोरड्या जागी, कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या पावडरपासून (ही क्लोरीनचीच दुसरी पावडर) लांब ठेवा. दोन्हींना एकच चमचा वापरू नका, त्याने आग लागते.