विचारा की! : हुडिनी टाकीत बुडून मेला का?

प्रश्न : शाळेत असताना मॅटिनीला हुडिनीवरचा, म्हणजे बेड्या-कुलपांतून सुटून दाखवणाऱ्या त्या जादूगारावरचा एक इंग्लिश सिनेमा बघितला होता, त्यात तो पाण्यानं भरलेल्या बंद टाकीतून सुटायच्या खेळातच जातो. नातवाला सांगितलं तर म्हणतो, आजोबा फेकू नका. खरं काय?
— गिरगावातले एक आजोबा

आजोबा, तुम्ही बघितलंत ते बरोबरच, पण पैज नातवानं जिंकली. तो १९५३ चा टोनी कर्टिसवाला सिनेमा, त्यात टाकीच्या प्रयोगातच त्याला मारलाय कारण अपेंडिक्सनं मेला म्हटलं की हिरोची शान जाते ना. खरी गोष्ट अशी की ऑक्टोबर १९२६ मध्ये त्या टाकीच्या खेळाची तयारी चालू असताना त्याचा घोटा मोडला, टाकीनं केलं ते इतकंच. पुढे मॉन्ट्रियलला तो ग्रीनरूममध्ये कोचावर पडलेला असताना एका स्टुडंटनं विचारलं की तुम्ही म्हणे पोटात कितीही ठोसे सहन करता, आणि हा नीट सावरायच्या आत धडाधड मारले सुद्धा. पोट दुखायला लागलं तरी गडी डॉक्टरकडे जाईना, अंगात ताप फणफणलेला असताना डेट्रॉइटला शो केला, मग ऑपरेशन, आणि ३१ ऑक्टोबरला गेला, वय फक्त ५२. अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला होता. ठोशांमुळेच फुटलं की आधीपासूनच बिघडलं होतं यावर डॉक्टर लोक अजून भांडतात.

प्रश्न : आमच्या फिल्म क्लबमध्ये मूकपट दाखवले तेव्हा कळलं की हुडिनी सिनेमात हिरो पण होता! एवढा फेमस माणूस, मग पडद्यावर का नाही चालला?
— विलेपार्ल्याची एक कॉलेजवाली

अगं, माझ्या आवडीचा विषय काढलास, आता जरा लांबण लागणार. आधी एक सीन डोळ्यासमोर आण. लंडन, मार्च १९०४. एका पेपरनं चॅलेंज दिलंय, बर्मिंगहॅमच्या कारागिरानं पाच वर्षं खपून बनवलेली म्हणे अशी बेडी आहे, ती काढून दाखव. हिप्पोड्रोम थिएटर खच्चून भरलंय. हुडिनी एका छोट्या पडद्यामागे जातो, बँड वाजतोय, वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तो बाहेर येतो तर बेडी तशीच. परत आत. मग येऊन म्हणतो कोट काढायचाय, बेडी काढा जरा, ते म्हणतात नाही. तर या पठ्ठ्यानं खिशातला चाकू दातांनी उघडला आणि अंगावरचा कोट तसाच फाडून टाकला! एक तास दहा मिनिटांनी बेडी निघाली तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. ते सगळं आधीच ठरवलेलं होतं असं बरेच जादूगार म्हणतात, मलाही तसंच वाटतं, पण त्यानं काय फरक पडतो? लोकांनी एक तास दहा मिनिटं स्वतःच्या घड्याळात मोजली होती.

पाण्यानं भरलेल्या दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये कोंडून घेऊन सुटायचा खेळ करायचा तेव्हा तर तो लोकांनाच सांगायचा की माझ्याबरोबर तुम्ही पण श्वास धरा. मिनिटभरात सगळं थिएटर फुसफुसत श्वास सोडणार आणि हा अजून आतच. हीच त्याची खरी ट्रिक, बेडी-कुलूप नंतरचं.

आता हे पडद्यावर कसं आणणार? त्याची पहिली मोठी सिरियल 'द मास्टर मिस्टरी' १५ भागांची, १९१९ च्या सुमारास थिएटरांत चालली, त्यात लोखंडी यंत्रमानव व्हिलन आहे (बघून हसू येतं, पण त्या काळी भारी वाटला असणार). त्यात तो भागागणिक कुठेतरी अडकतो आणि सुटतो. पण फिल्ममध्ये मध्ये कात्री मारता येते हे लोकांना तोवर कळलं होतं, मग श्वास कोण धरणार? १९१९ च्याच 'द ग्रिम गेम'मध्ये तर गंमतच झाली, दोन विमानं हवेत खरोखर एकमेकांवर आदळली, कॅमेऱ्यानं ते टिपलं, नशिबानं सगळे वाचले आणि स्टोरीत तो सीन घातला. पण विमानातून दोरीला लटकलेला माणूस हुडिनी नव्हता, डबल होता! म्हणजे त्याच्या सिनेमातली सगळ्यात खरी रिस्क दुसऱ्यानं घेतली, आणि जाहिरातीत मिरवला हा. पुढे त्यानं स्वतःची कंपनी काढली, 'द मॅन फ्रॉम बियाँड' आणि 'हॉल्डेन ऑफ द सीक्रेट सर्व्हिस' केले, पैसे घातले, बुडाले. ॲक्टिंग पण यथातथाच, प्रेमाच्या सीनमध्ये तर बिचारा बँकेत फॉर्म भरायला आल्यासारखा उभा असतो.

याच्या उलट आपले दादासाहेब फाळके. ते पण जादूचे प्रयोग करायचे, फाळके उलटं करून 'प्रोफेसर केळफा' नावानं. पण कॅमेरा हातात आल्यावर त्यांनी जादूगाराला बाजूला ठेवलं आणि कॅमेऱ्यालाच जादू करू दिली. १९१३ मध्ये गिरगावात कोरोनेशनला 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यात देव प्रकट होतो तेव्हा 'खरंच झालं का' असं कोण विचारणार, लोक हात जोडणार. हुडिनीचं सगळं दुकान 'खरंच केलं' यावरच उभं होतं, तेच कात्रीनं कापलं गेलं.

प्रश्न : हुडिनी मेल्यावर परत येणार होता म्हणे?
— परळची एक वाचक

येणार असं नाही, पण बायकोशी ठरलं होतं, येता आलंच तर एक गुप्त निरोप द्यायचा. गंमत म्हणजे शेवटची काही वर्षं त्यानं मेलेल्यांशी बोलतो म्हणणाऱ्या भोंदू लोकांना उघडं पाडण्यात घालवली, त्या नादात आर्थर कॉनन डॉयलशी चांगली दोस्ती तुटली. शेरलॉक होम्स लिहिणारा माणूस भुतांवर विश्वास ठेवायचा आणि जादूगार ठेवायचा नाही, बोला आता. बायको बेस हिनं दहा वर्षं वाट बघितली. १९३६ मध्ये हॉलिवूडच्या एका हॉटेलच्या गच्चीवर शेवटची बैठक झाली, कोणी आलं नाही, तिनं त्याच्या फोटोजवळचा दिवा मालवला.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा व्हिडिओ बघून स्वतःला ट्रंकेत कोंडून घेतो, म्हणतो मी हुडिनी. काय करू?
— मुलुंडची एक आई

ताई, हे हसण्यावारी नेऊ नका. त्याला एवढंच सांगा की कॅलिफोर्नियात हुडिनीनं स्वतःला मातीत पुरून घेतलं होतं, पेटीबिटी काही नाही, नुसती माती, तेव्हा तो घाबरला, कसाबसा हात वर आला आणि बेशुद्ध पडला, माणसांनी ओढून बाहेर काढला. इतक्या वर्षांच्या सवयीचा माणूस! मुलाला दोरीच्या गाठी शिकवा, हात समोर बांधून, समोर कोणीतरी मोठं बसलेलं असताना. गळ्याशी दोरी नाही. पत्त्यांची, नाण्यांची जादू तर शिकवाच, दादरला पुस्तकं मिळतात. आणि ट्रंकेची कडी आजच्या आज काढून टाका, कुलूप नसलं तरी कडी बाहेरून आपोआप पडते.