बॉनेट उघडून : सोमवारी शिरवळला पोचली पाहिजे

प्रश्न : काका, नमस्कार. मी साताऱ्यात गोडोलीला राहतो. वय २६, डिप्लोमा मेकॅनिकल. शिरवळच्या एका कंपनीत नोकरी, जाऊन-येऊन रोजचे १२० किलोमीटर. आम्ही चौघं एकाच गाडीतून जातो, पेट्रोल वाटून घेतो. ज्याची गाडी होती तो पुण्याला गेला, आता पाळी माझी. बजेट अडीच लाख, तेही ओढूनताणून. त्यात हौस अशी की वर्षातून दोनदा कोइमतूरच्या करी स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी आपणच पळवायला, जायचं. समोर तीन गाड्या आहेत : पुणे पासिंगची २००२ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, कोल्हापूरची २००८ची फोर्ड फिएस्टा १.६ एस आणि कराडच्या एका गुरुजींची २०१३ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. पहिल्या दोघींत जीव अडकलाय. वडील म्हणतात स्विफ्ट. मित्र म्हणतात ट्रॅकचं खूळ सोड, पहाटे यवतेश्वरच्या घाटात ये. काय करू? आणि मला एकेरीच बोला. – अ. ज., सातारा

उत्तर : यवतेश्वरचं आधी मिटवतो. त्या घाटात पहाटे दूधवाले असतात, चालायला आलेली म्हातारी माणसं असतात आणि कठड्यापलीकडे काही नसतं. तिथे जाणार असशील तर पुढचं वाचू नकोस.

आता गाडी. तू हिशेब उलट्या बाजूने मांडलायस. महिन्याला २५ दिवस धरले तर तुझे ३,००० किलोमीटर होतात, वर्षाचे ३६,०००. घर ते बाजार करणारा माणूस तीन-चार वर्षांत जेवढी चालवतो तेवढी तू एका वर्षात चालवणार. करीचा ट्रॅक एका फेरीला २ किलोमीटरच्या थोडा वर. दिवसभरात फार तर ५०-६० फेऱ्या होतील. दोन खेपांचे धरून २५० किलोमीटर. एका पारड्यात ३६,०००, दुसऱ्यात २५०. गाडी ३६,०००साठी घे आणि २५०साठी तयार कर. वडिलांचं बरोबर आहे.

सिटी व्हीटेक मलाही आवडते, खोटं कशाला बोलू. १०६ हॉर्सपॉवर, आणि इंजिन वर फिरायला लागलं की नुसतं गातं. पण ती गाडी आता वीस वर्षांच्या पुढची. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, त्यासाठी तपासणी, वर पर्यावरण कर. रबरी होस, बुश, वायरिंग सगळं वयात आलेलं. एखादा सेन्सर गेला की पार्ट पुण्याहून येईपर्यंत तुम्ही चौघं एसटीला लटकणार. फिएस्टाचं स्टिअरिंग त्या काळात नाव घेण्यासारखं होतं, आजही आहे. पण फोर्डने २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि पार्ट चालू आहेत, पण शनिवारी संध्याकाळी साताऱ्यात लोअर आर्म (पुढच्या चाकाला खालून धरणारा पार्ट) हवा असेल तर तो कुठे मिळेल, हे आधी विचारून ये. स्विफ्टचा लोअर आर्म राधिका रोडला मिळेल, कराडला मिळेल, शिरवळच्या हायवेवरही मिळेल.

तू इंजिनियर आहेस म्हणून एक आठवण करून देतो. ज्यांच्या नावाने तो ट्रॅक आहे त्या करीवर्धन यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे आपल्या पोरांना परवडावी म्हणून रेसिंगची एकआसनी गाडी बनवली, ती मारुती ८००च्या इंजिनावर. फॉर्म्युला मारुती. नारायण कार्तिकेयनची सुरुवातही त्याच गाडीतून झाली. तेव्हा घरगुती गाडीच्या इंजिनाला नाक मुरडू नकोस.

२०१३च्या स्विफ्टचं ११९७ सीसीचं के-सिरीज इंजिन साधारण ८५ हॉर्सपॉवर देतं आणि गाडी हजार किलोच्या आतली. टायमिंगला चेन आहे, म्हणजे आधीच्या मालकाने बेल्ट बदलला की नाही हा घोर नाही. आरसीचं आयुष्यही अजून शिल्लक आहे.

गुरुजींना आदल्या दिवशी फोन कर आणि सांग, सकाळी सातला येतो, तोवर गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेव. गरम लागलं तर कुणीतरी आधीच इंजिन फिरवून ठेवलंय. का, ते विचार. थंड असेल तर रेडिएटरचं झाकण काढ. कुलंट स्वच्छ हिरवं किंवा लाल दिसलं पाहिजे. गंजाचं तांबूस पाणी असेल तर या गाडीत वर्षानुवर्षं नळाचं पाणी गेलंय. ऑइल भरायच्या झाकणाखाली बोट फिरव. दुधाच्या चहासारखा फेस लागला तर ऑइलमध्ये पाणी उतरतंय, हेड गॅस्केटचा संशय धर. मग स्टार्ट कर आणि सायलेन्सरकडे बघ. थंडीत पांढरी वाफ येते, ती चालते. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खाते.

त्यानंतर फिटर घेऊन जा आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, बघ. पाचशे-सातशे रुपयांकडे बघू नकोस. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. एक किलोच्या वर फरक दिसला की भाव तिथेच खाली. किलोमीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नकोस. काटा मागे घेता येतो, क्लचच्या पॅडलचं झिजलेलं रबर घेता येत नाही. नंबरावरून सर्व्हिस सेंटरमधून जुना इतिहास काढ.

खरी परीक्षा तुझ्या घरच्या वाटेवर आहे. जाताना बोगदा लागतो, त्यात कुठल्याच गाडीचं काही कळत नाही. येताना खंबाटकीचा घाट चढून ये. दुपारी अडीच-तीनला, एसी चालू, चौघं बसलेले, पुढे उसाचा किंवा सिमेंटचा ट्रक, आणि तू दुसऱ्या गिअरात त्याच्या मागे. टेंपरेचर जागचं हललं नाही आणि मोकळा रस्ता मिळाल्यावर तिसऱ्यात पाय दाबला की इंजिनाच्या आवाजाबरोबर गाडीही पळाली, तर रेडिएटर आणि क्लच दोन्ही पास. नुसता आवाज वाढला आणि गाडी जागच्या जागी, तर क्लच प्लेट संपली. गुरुजी चांगले असतील तर ट्रायलला शेजारी बसून येतील. घाटाला नाही म्हणणाऱ्याची गाडी मी तरी घेतली नसती.

कागद थोडक्यात : गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५, हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, चलनं बाकी आहेत का तेही पोर्टलवर बघ. विमा १४ दिवसांत नावावर कर.

आता २५०ची तयारी. अडीच लाखांतले पन्नास-साठ हजार बाजूला काढून ठेव, गाडीची किंमत उरलेल्यातच बसव. त्यातले पहिले पैसे ब्रेकला. हे मी पोथीतलं सांगत नाही.

सांगलीत माझं गॅरेज होतं तेव्हा भाच्याला घेऊन मी एकदा करीला गेलो होतो. माझी स्वतःची गाडी, सगळं नीट केलेलं : ट्यूनिंग, प्लग, ऑइल, नवे पॅड. चौथ्या फेरीत सरळ रस्ता संपताना ब्रेकवर पाय ठेवला तर पॅडल स्पंजासारखं खाली गेलं, पार मॅटपर्यंत. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा थोडं धरलं. तोवर आम्ही गवतात होतो. गाडीला ओरखडा नाही, भाचा मात्र पुढचा अर्धा तास गप्प. कारण इतकं साधं की लाज वाटावी. ब्रेक ऑइल तीन वर्षांचं होतं. लोकांचं बदलत होतो, माझं राहिलं. ते ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरला की तोच आकडा १५५पर्यंत उतरू शकतो. ट्रॅकवर कॅलिपर तापलं की आतल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. आणि एवढं होऊन पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, आल्यावर भाच्याने सवयीने हँडब्रेक ओढला. तापलेल्या ड्रमला लायनर चिकटले, चाक सोडवायला दुपार गेली. घर हजार किलोमीटर लांब.

म्हणून : प्रत्येक खेपेआधी ब्रेक ऑइल नवं डॉट ४, चारही चाकांना ब्लीडिंग, म्हणजे नळीतली हवा काढणं. पुढचे पॅड निम्म्याखाली असतील तर बदल. डिस्कला नख अडकेल अशी धार आली असेल तर डिस्कही बदल. चार-पाच फेऱ्या जोरात झाल्या की एक फेरी ब्रेक न मारता सावकाश, मग आत. उभी करताना पहिल्या गिअरात, हँडब्रेक मोकळा.

दुसरे पैसे टायरला. व्हीएक्सआयला १६५/८० आर १४ येतात, चालायला मऊ, वळणात लोळतात. त्याच पिढीच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर १५ होते. दोन्हींचा घेर जवळजवळ सारखा, म्हणून मीटर चुकत नाही, कुठे घासत नाही. झेडएक्सआयची जुनी व्हील्स शोध आणि त्यावर चांगले नवे टायर घाल. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, असला म्हातारा टायर ट्रॅकला नको.

तिसरं, इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेव. लांब वळणात ऑइल एका बाजूला पळतं आणि पंप हवा ओढतो. पुढचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअॅब्सॉर्बर कंपनीचेच पण नवे. एवढंच. मागचं सीट काढू नको, सोमवारी त्यावर दोन माणसं बसणार आहेत. सीएनजीचा मोह पडेल, कारण महिन्याचं पेट्रोल वीस हजारांच्या पुढे जातंय. पण चौघांत वाटलं की तुझ्या वाट्याला पाचेक हजार येतात, आणि मागे डिकीत टाकी ठेवून ट्रॅकवर वळायचं मला तरी जमलं नसतं.

जाण्याआधी गाडी रिकामी कर. स्टेपनी, जॅक, मॅट, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती, सगळं बाहेर. गणपती खिशात ठेव. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, टो हूक जागेवर, व्हील नट टॉर्क रेंचने तपासलेले. आणि एक कडू गोष्ट : तुझ्या मोटर विम्यात रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर ठोकलीस तर तो खर्च तुझाच, आणि सोमवारी चौघांनी एसटी.

त्याआधी दोन-तीन रविवार कोल्हापूरला कार्टिंगला जा. तिथल्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्यात. वळणात कधी ब्रेक सोडायचा हे तिथे कमी पैशांत कळतं.

प्रश्न : मी मिरजेत शाळेत शिकवते. २०१७ची एक हॅचबॅक बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळतेय. मालक सांगलीचे, गाडी चकचकीत आहे, आतून सुगंध येतो. घेऊ का? – एक शिक्षिका

उत्तर : ताई, सुगंधाचीच भीती वाटते. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. २०२१च्या जुलैत पुन्हा आलं. बुडालेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून अजून फिरतायत.

ड्रायव्हरचा सीटबेल्ट हळूहळू ओढत शेवटपर्यंत बाहेर काढा. धुणारा माणूस हातभर पट्टा पुसतो, गुंडाळीतला शेवटचा वीतभर कुणी पुसत नाही. तिथे मातकट आडवी रेघ दिसली तर गाडी छातीपर्यंत पाण्यात होती. डिकीत स्टेपनी उचला आणि खालच्या खाचेत बोट घाला. कृष्णेचा गाळ टाल्कम पावडरसारखा बारीक असतो, कोपऱ्यात राहतोच. सीटच्या बोल्टांवर गंज, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट बुरशीसारखं काही, हेडलाइटच्या आत धुकं, यातलं काहीही दिसलं तर नको. इंजिन दुरुस्त होतं. वायरिंगचे जोड वर्षभराने, पावसात, भरचौकात दगा देतात. विम्याच्या क्लेमचा इतिहासही मागा. मालक टाळाटाळ करायला लागले तर चहा घ्या आणि निघा.

प्रश्न : गाडीला मोठ्या आवाजाचा फ्री-फ्लो सायलेन्सर बसवला तर पिकअप वाढेल का? – र. पा., विटा

उत्तर : आवाज वाढेल. कंपनीने दिलेल्या रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची आडकाठी आहे, म्हणून चलनही वाढेल. पिकअप हवा असेल तर एअर फिल्टर काढून बघा. तुमच्याकडची धूळ मला माहीत आहे.