तुझं इंजिन खरंच किती एचपीचं आहे?

अगं,

तुझा मेल परवाच वाचला, पण घाईत चार ओळी खरडून पाठवायच्या नव्हत्या म्हणून आज निवांत बसलोय. तुझ्या विमानासाठी जुन्या कारचं १३०० सीसी इंजिन उतरवून त्याला २:१ चं बेल्ट रिडक्शन बसवलंस (इंजिनाचे दोन फेरे, तर पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, एक), स्टँडवर सुरूही केलंस, याचा मला खरंच खूप आनंद झालाय. पण ताणकाट्यावर १७० किलो थ्रस्ट, म्हणजे पंख्याची पुढे ओढ, आला म्हणजे इंजिन ८० एचपीचं, हे जे तू लिहिलंयस ना, तिथे थांब. थ्रस्टमध्ये इंजिन आणि पंखा दोघांचं काम मिसळलेलं असतं. तेच इंजिन, तेच एचपी, फक्त पंखा मोठ्या व्यासाचा आणि कमी पिचचा, म्हणजे पाती कमी तिरकी असलेला, लावलास की काटा पुढे जाईल. इंजिन तेवढंच राहिलं ना?

पॉवर म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा, पिळण्याचा जोर) गुणिले फिरण्याचा वेग, बाकी सगळं याच्याभोवती. टॉर्कचे न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम (मिनिटाचे फेरे) भागिले ९५४९ केलं की किलोवॅट मिळतात. म्हणजे तुला दोनच गोष्टी मोजायच्यात, पण त्या नीट.

टॉर्कसाठी महागडा डायनो (इंजिनाची पॉवर मोजायचं यंत्र) नको. अख्खं इंजिन बेअरिंगवर झुलेल अशा फ्रेमवर घे, झुलण्याचा आस पंख्याच्या शाफ्टच्या रेषेत, आणि फ्रेममधून एक दांडा बाहेर काढून त्याच्या टोकाखाली लोड सेल (वजनकाट्यातला सेन्सर) ठेव. पंखा एका बाजूला फिरतो, इंजिन उलट्या बाजूला वळायला बघतं, तो जोर काट्यावर येतो. समज दांडा ०.६ मीटर, काटा ३८ किलो दाखवतोय आणि पंखा २२५० आरपीएमला आहे. ३८ गुणिले ९.८१ गुणिले ०.६, साधारण २२४ न्यूटन-मीटर, म्हणजे ५२.७ किलोवॅट, ७१ एचपीच्या आत-बाहेर. इथे एक मोठा खड्डा आहे, नीट वाच. फ्रेमवर जो टॉर्क येतो तो पंख्याच्या शाफ्टचा, क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या शाफ्टचा, नाही, मग गुणायचं पंख्याच्या आरपीएमनेच. इंजिनाच्या ४५०० ने गुणलंस तर उत्तर सरळ दुप्पट येईल. आणि एचपी ७४६ वॅटचा धरलास की ७३५.५ चा मेट्रिकवाला, तेही वहीत लिही, कारण लोक दोन्ही वापरतात आणि मग एकमेकांशी वाद घालत बसतात.

दांड्याची लांबी, लोड सेलचं कॅलिब्रेशन, कशावरच नुसता विश्वास ठेवू नकोस. वाण्याकडून शिक्क्याची २० किलोची वजनं आण, दांड्याला टांग, एकेक वाढवत ४० पर्यंत जा आणि मग एकेक काढत खाली ये. चढताना आणि उतरताना आकडा वेगळा आला तर बेअरिंग घासतंय किंवा एखादा पाइप ओढतोय.

हे मी इतकं ठासून का सांगतोय ते ऐक. मी नोकरीला लागून सहा महिने झाले होते, एका टेस्ट शॉपमध्ये आम्हाला अचानक पाच-साडेपाच एचपी जास्त मिळाले, सगळे खूश, कार्बोरेटरमधला बदल लागू पडला म्हणून रिपोर्टसुद्धा लिहायला घेतला. आमचे फोरमन काही बोलले नाहीत, त्यांनी इंजिन बंद केलं, पंखा पूर्ण थांबू दिला आणि मला काट्याकडे बघायला सांगितलं. काटा ३ किलोवर उभा. शून्यावर आलाच नाही. एक्झॉस्टचा फ्लेक्सिबल पाइप जमिनीला बांधलेला होता, तापल्यावर तो लांबला आणि फ्रेमला ढकलत बसला होता. तेव्हापासून रनच्या आधीचा शून्य आणि गरम असतानाचा रननंतरचा शून्य, हे दोन्ही लिहिल्याशिवाय मी आकडा मानत नाही. तू एक्झॉस्ट, पेट्रोलची नळी, रेडिएटरचे होज, थ्रॉटलची केबल, सगळं शक्यतो झुलण्याच्या आसाजवळून सैल ने. पंख्याची हवा फिरत मागे येते तीही फ्रेमवर आदळून काटा कमी दाखवते, तेव्हा फ्रेमचे रुंद भाग त्या झोतात येऊ देऊ नकोस.

आरपीएमचं मात्र सोपंय. दोन पात्यांचा पंखा बरोबर ३००० ला फिरला की सेकंदाला १०० वेळा पातं एका जागेवरून जातं, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरची जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळाच लुकलुकते, म्हणून अंधारात तिच्या उजेडात पंखा उभा राहिल्यासारखा दिसतो. तुझा २२५० च्या वर जात नाही तेव्हा हा खेळ त्याच्यावर होणार नाही, पण टॅको (आरपीएम दाखवणारा मीटर) तपासायला पिच कमी करून एकदा कर. बघायचं ते मागून, लांबून, फिरत्या पात्यांच्या सपाटीत कोणीही उभं राहायचं नाही, यात मी कसलीच सूट देणार नाही.

आणखी एक पडताळा. पंखा तोच, पिच तीच, तर टॉर्क आरपीएमच्या वर्गाने बदलतो. २२५० ला ३८ किलो असेल तर थ्रॉटल ओढून २००० ला आणल्यावर ३० च्या जवळ यायला हवा. ३४ आला तर काटा खोटं बोलतोय, इंजिन नाही. फुल थ्रॉटलचा मात्र एका पिचला एकच बिंदू मिळतो, आरपीएमनुसार पॉवरचा पूर्ण कर्व्ह हवा तर पिच बदलून पुन्हा पुन्हा रन घ्यावे लागतील.

गरम होऊ दे. राइट बंधूंचं १९०३ चं इंजिन सुरू केल्यावर काही सेकंद १६ एचपीच्या आसपास द्यायचं आणि आत येणारी हवा तापली की एक-दोन मिनिटांत १२ वर यायचं, त्यांनी १२ च धरले. त्यांना किमान ८ हवे होते म्हणून निभावलं. तूही फुल थ्रॉटलला पाच मिनिटं धर, तापमानं स्थिर झाल्यावरचाच आकडा लिही.

आता हवामान, इथे पुण्यात सगळे चुकतात. मोबाइलवर दिसतं ते प्रेशर समुद्रसपाटीला आणलेलं असतं, १००६ वगैरे. तुझ्या कार्बोरेटरला मात्र ५६० मीटर उंचीवरचं, साधारण ९४५ हेक्टोपास्कलच मिळतं. मोजलेला आकडा १०१३ हेक्टोपास्कल आणि १५ डिग्रीच्या प्रमाण हवेला आणणं म्हणजे करेक्शन. मेच्या दुपारी ४० डिग्रीत १०१३ भागिले ९४५, गुणिले ३१३/२८८ चं (दोन्ही तापमानं केल्व्हिनमध्ये) वर्गमूळ, म्हणजे करेक्शन जवळजवळ १२ टक्के, आणि मोबाइलचं प्रेशर घेतलंस तर ५ च. पावसाळ्यात वाफेचं प्रेशर आधी वजा कर. पण करेक्ट केलेला आकडा दुसऱ्या इंजिनाशी तुलना करायला, विमान उडणार ते काट्यावरच्या आकड्यावर.

आणि हे दहा-पंधरा एचपी किती महाग पडतात ते तूच बघ. ४५० किलोचं विमान, सरळ उडायला ३० एचपी लागतात, पंख्याची एफिशियन्सी ७० टक्के. ८० एचपी असतील तर चढण्यासाठी २६ उरतात, सेकंदाला ४.४ मीटर. ६५ असतील तर १५.५ उरतात, २.६ मीटर. पॉवर गेली १९ टक्के, चढणं गेलं ४० टक्के. रनवेच्या टोकाला झाडं असतील तर त्या ४० टक्क्यांतच सगळं आलं.

रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत पहिला रन घे. वहीचं पान जसं असेल तसं फोटो काढून पाठव, खाडाखोड असली तरी चालेल, दोन्ही शून्य दिसायला हवेत.

तुझा काका