बुलेटचे मागचे चाक १९ वरून १८ करण्याबाबत

आपला प्रश्न असा आहे की १९८६ सालच्या बुलेट ३५० चे मागचे १९ इंची चाक काढून रुंद टायरचे १८ किंवा १७ इंची चाक बसवले, तर सामान आणि मागे माणूस घेऊन लांबचा प्रवास करताना फायदा होईल का, आणि त्यामुळे गिअरिंग व ॲव्हरेज किती बदलेल.

१७ चा विचार मनातून काढून टाका. १८ जरूर करा, मात्र ११०/९०-१८ (११० मिमी रुंद, उंची रुंदीच्या ९० टक्के, १८ इंची रिमचा) हाच टायर आणि २.१५ इंच रुंदीची रिम घेऊन करा. उत्तर येथेच संपवता आले असते; परंतु याच प्रश्नावरून आमच्या घरात गेली दहा-अकरा वर्षे वाद चालू आहे, आणि माझी बाजू शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी गाडी १९८४ ची आहे. ती वडिलांनी घेतली. ते साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते आणि उसाच्या फडांमधून त्यांनी ती वीस वर्षे फिरवली. त्यांना ३.२५-१९ चा, म्हणजे सव्वातीन इंच रुंद आणि १९ इंची रिमचा, मूळ टायर कधी कमी पडला नाही, कारण ते एकटे असत आणि सामान म्हणजे एक डबा व एक डायरी. माझे तसे नाही. कोल्हापुराहून कोकणात उतरायचे तर मागे पत्नी, दोन्ही बाजूंना पिशव्या, कॅरिअरवर तंबू, आणि येताना त्यात आणखी काही ना काही भर पडतेच. हे सगळे वजन मागच्या चाकावर येते. ३.२५-१९ च्या टायरवरील भारांक (टायर किती वजन पेलेल हे सांगणारा आकडा) सर्वसाधारणपणे ५४ असतो, म्हणजे २१२ किलो; ११०/९०-१८ वर तो ६१ असतो, म्हणजे २५७ किलो. मागची रिम बदलण्याचे खरे कारण हे ४५ किलो आहेत, दिसणे नव्हे. दुसरे कारण असे की १८ इंची ट्यूब आडगावच्या पंक्चरवाल्याकडेही लटकत असते, कारण स्प्लेंडरसारख्या गाड्यांची चाके त्याच मापाची आहेत. ती अरुंद असली तरी रात्री घरी पोहोचण्यापुरती चालून जाते.

२०१४ मध्ये मी हा बेत सांगितला, तेव्हा आमच्या मेहुण्यांनी पहिली हरकत घेतली ती गिअरिंगची. चाक लहान झाले की इंजिनाला जास्त फिरावे लागणार आणि गाडी हायवेवर दमणार, असे त्यांचे म्हणणे होते आणि अजूनही आहे. अनेकांचा हाच गैरसमज असतो, कारण ते रिमचे माप पाहतात आणि टायरची उंची धरत नाहीत. ३.२५-१९ चा बाहेरचा व्यास सुमारे ६४८ मिमी येतो. ११०/९०-१८ चा ६५५ मिमी. म्हणजे रिम एक इंचाने लहान होऊनही पूर्ण चाक किंचित मोठेच होते, जेमतेम सव्वा टक्क्याने. मेहुण्यांना आकडे पटले नाहीत, तेव्हा मी टायरवर आणि फरशीवर खडूने रेघ मारली, त्यांनाच गाडीवर बसवले आणि चाकाचे पाच फेरे मोजून गाडी ढकलली. जुन्या चाकाने ९ मीटर ९० सेंटिमीटर अंतर भरले, नव्याने १० मीटर २ सेंटिमीटर. टायरची नक्षी ५ मिमी झिजली तरी व्यास १० मिमीने घटतो, म्हणजे एकाच टायरच्या आयुष्यात याहून अधिक फरक पडतो आणि आपल्याला तो कळतही नाही. यावर मेहुणे म्हणाले की फरशीला उतार आहे.

ज्याला खरोखर गिअरिंग बदलायचे आहे त्याने रिमला हात लावू नये, गिअरबॉक्सचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाक, बदलावे. ३५० ला तेथे १६ दात असतात. १७ दातांचे बसवले की एका दातात सव्वासहा टक्के फरक पडतो. सपाट रस्त्यावर ते छान वाटते, पण दोन माणसे घेऊन घाट चढताना तिसरा गिअर लवकर सोडावा लागतो, म्हणून मी १६ च ठेवले आहेत. ॲव्हरेजची काळजी असेल तर आधी चेनचा ताण, ब्रेक घासतो का आणि कार्बोरेटर हे पाहावे. सव्वा टक्क्याने पेट्रोलचा हिशेब बदलत नाही.

आता मुख्य गोष्ट. रिम १८ ची आणली, परंतु स्पोक १९ चेच होते. १८ च्या रिमला स्पोक साधारण १२ मिमी आखूड लागतात. ओळखीच्या एका मिस्त्रीने सांगितले की नवा संच मागवण्याची गरज नाही, हेच कापून पुन्हा आटे पाडून देतो. मी हो म्हटले. हे मी येथे स्पष्ट लिहितो, कारण मेहुण्यांच्या कथनात हा भाग नेहमी गाळला जातो आणि माझ्याही कथनात तो बराच काळ गाळलेला होता. काहीशे रुपये वाचले. शिवाय ती रिम जुन्याच रुंदीची, म्हणजे १.८५ इंचाची होती, आणि तिच्यावर ११० चा टायर चिमटीत धरल्यासारखा उभट बसला होता.

डिसेंबरात देवगडहून परतताना आम्ही वैभववाडीमार्गे करूळ घाट चढत होतो. मेहुणे त्यांच्या गाडीवर पुढे होते. अर्ध्या घाटात मागून टिक् असा आवाज आला. दगड उडाला असेल असे वाटले. पुढच्या दोन वळणांत तसाच आवाज आणखी दोनदा आला आणि गाडी मागून डोलू लागली. उतरून पाहिले तर ब्रेकच्या ड्रमच्या बाजूचे तीन स्पोक तुटले होते आणि चाकाला आउट (वाकडेपणा) एवढी आली होती की टायर मडगार्डच्या काठाला घासत होता. तुटलेले स्पोक चेनमध्ये जाऊ नयेत म्हणून ते तारेने शेजारच्या स्पोकांना बांधले, समोरच्या बाजूचे निपल (स्पोक रिमला आवळणारे नट) थोडे सैल करून रिम जमेल तितकी सरळ केली आणि पत्नी व सगळे सामान मेहुण्यांच्या गाडीवर गेले. गगनबावडा ते कोल्हापूर हे ५५ किलोमीटर मी एकट्याने ताशी तीसच्या वेगाने काढले. त्या चहाच्या टपरीवर मेहुण्यांनी उच्चारलेले वाक्य आजही प्रत्येक लग्नकार्यात ऐकू येते: “दाजी, मी आदीच म्हटलं हुतं, एकोणीसचं चाक बदलू नगासा.”

ते तीन स्पोक मी टाकले नाहीत. डब्यात ठेवले आहेत. तिन्ही एकाच जागी तुटले आहेत, निपलच्या तोंडाशी, जेथे पाडलेले आटे सुरू होतात तेथे. हे महत्त्वाचे आहे. चांगला स्पोक वजनाने आणि वयाने थकतो तेव्हा तो बहुधा हबजवळच्या वाकात तुटतो. कारखान्यात स्पोकचे आटे दाबून उठवलेले असतात, धातू कापला जात नाही. डाय (आटे कापणारे हत्यार) फिरवून आटे पाडले की स्पोकची जाडी नेमकी तेथे घटते, आट्याच्या तळाशी तीक्ष्ण खाच राहते, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ताण चढत-उतरत राहिल्याने तेथून चीर सुरू होते. म्हणजे चाक १८ चे होते म्हणून ते मोडले नाही. हेच स्पोक कापून २१ ची रिम बांधता आली असती तरी ते तेथेच तुटले असते. मेहुण्यांना मी डबा उघडून दाखवला आहे. त्यांनी तुकडे हातात घेतले, परत ठेवले आणि १९ ची रिम असती तर कापावेच लागले नसते असे म्हणाले. या युक्तिवादाला उत्तर नाही, हे मला मान्य आहे. पण तो चाकाविषयीचा युक्तिवाद नव्हे.

दुसऱ्यांदा चाक बांधून घेतले ते शिवाजी उद्यमनगरात, एका वयस्कर कारागिरांकडून, आणि त्यानंतर आजपर्यंत एकही स्पोक तुटलेला नाही. त्यांनी काय केले ते आपल्या उपयोगाचे आहे. रिम २.१५ इंचाची, म्हणजे डब्ल्यूएम-३ घेतली, ४० भोकांची, आणि भोकांचा कोन आपल्या हबला जुळतो याची खात्री करून. कोन चुकला तर निपल तिरके बसतात आणि स्पोक तोंडाशी वाकतो. जुनी रिम सोडवण्यापूर्वी हबवर सरळ पट्टी ठेवून रिमच्या काठापर्यंतचे अंतर लिहून घेतले. नवी रिम सुमारे साडेसात मिमी रुंद असल्याने प्रत्येक काठ पावणेचार मिमी बाहेर येणार हे धरून मध्य जुन्याच जागी राखला. बुलेटचे मागचे स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमशी एकजीव असते आणि चाक त्याला रबरांवर जोडलेले असते, त्यामुळे चेनची रेषा रिममुळे बिघडत नाही. मध्य चुकला तर चेन आणि टायर यांमधील जागा मात्र जाते. माझ्या गाडीत ११० ला ती बोटभर उरते. १२० चा टायर लावून पाहिला तेव्हा उरली नाही. नवे स्पोक मापाचे, निपलबाहेर आलेली टोके घासून सपाट केलेली आणि ट्यूबखाली नवी रबरी पट्टी, एवढे झाले की काम पुरे. तीनशे किलोमीटरनंतर सगळे स्पोक एकदा तपासून घ्या. पान्याने हळूच ठोकल्यावर सगळ्यांचा आवाज साधारण एकसारखा यावा.

१७ ला नकार का, तेही सांगतो. त्या मापात लोक बहुधा १२०/८०-१७ घेतात. तो रुंदीने चेनला भिडतो आणि व्यास ६२४ मिमी असल्याने खरोखरच लहान पडतो. ज्या फेऱ्यांवर पूर्वी ८० चा वेग मिळत होता तेथे ७७ मिळतो, म्हणजे मेहुण्यांची हरकत येथे लागू होते. मागची बाजू १२ मिमी खाली बसल्याने हँडल जड होते, गाडी मेन स्टँडवर ओढताना कंबर दुखते आणि साइड स्टँडवर ती इतकी उभी राहते की वाऱ्याने उजवीकडे पडण्याची भीती वाटते.

आधी सांगायला हवे होते ते आता सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि आपल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरणाला जात असणार. तेव्हा आरटीओत आधी विचारून घ्या. आपण एकटेच फिरत असाल आणि सामान थोडे असेल, तर ३.२५-१९ मध्ये काहीही वाईट नाही आणि हा सगळा खटाटोप अनावश्यक आहे. गाडी मूळ रूपात विकायची असेल तरी हात लावू नका. वेगमापकाची केबल कोणत्या चाकावरून येते तेही पाहून ठेवा.

जुनी १९ ची रिम मात्र भंगारात देऊ नका. माझी माळ्यावर आहे. मेहुणे दर दिवाळीला ती त्यांच्या गाडीसाठी मागतात आणि मी देत नाही.