तुमच्याकडे आम्ही कोण?

लाइपझिग, रविवार दुपार

प्रिय भाचेबुवा,

स्लोव्हाकियातल्या युवा शिबिराबद्दलची तुझी मेल काल रात्री वाचली. ‘निवड झाली’ या दोन शब्दांपुढे तीन उद्गारचिन्हं आणि खाली लगेच प्रश्नांची रांग. स्लोव्हाकियाला वेगळा व्हिसा लागतो का, शाकाहाराचं काय करायचं, ‘कमी संधी’च्या रकान्यात माझं नाव का टाकलं, आणि सांस्कृतिक संध्याकाळी भारताबद्दल काय सांगू. पहिले दोन चुटकीसरशी उरकते. उरलेल्या दोघांसाठी चहा करून बसले आहे.

व्हिसा लागत नाही. जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड असलं की शेंगेनमधल्या दुसऱ्या देशांत 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येतं. मात्र पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही अंगावर ठेव, बॅगेच्या तळाशी नको. रात्रीच्या गाडीत कागद बघायला कुणी आलंच तर अख्ख्या डब्यात तुलाच आधी उठवतील. चिडू नकोस, पण लक्षात ठेव. विमानापेक्षा रेल्वेने गेलास तर प्रवासाचे पैसेही थोडे जास्त मिळतात. शाकाहारी असल्याचं फॉर्मवर लिहिलंयस ना? मग दहा दिवस तळलेलं चीज आणि बटाटा खायची तयारी ठेव. मेतकुटाची पुडी ने.

आता तो रकाना. तुला फार लागलेलं दिसतंय. ‘मी काय वंचित आहे का?’ असं विचारलंयस. अरे, हा बराचसा हिशेबाचा मामला आहे. इरॅस्मस प्लसमध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या ज्या योजनेतून ही शिबिरं होतात तिच्यात, ‘कमी संधी असलेले’ या सदरात अपंग, गरीब, आडगावातले, स्थलांतरित असे बरेच जण येतात. त्यांच्यातल्या कुणाला खरोखर जास्तीचा खर्च लागला, म्हणजे व्हीलचेअरवरच्या मुलासोबत मदतनीस किंवा कर्णबधिर मुलीसाठी खुणांची भाषा जाणणारा दुभाषा, तर तो वेगळा मंजूर होतो. तुझ्या संस्थेने तुला परदेशातून आलेला म्हणून त्यात धरलं असणार. झालं एवढंच.

पण तुला जे टोचलं ते मात्र जपून ठेव. अकरावीच्या प्रवेशाला ‘कॅटेगरी’च्या रकान्यात तू ‘ओपन’ लिहिलंस आणि पुढच्या रकान्याकडे वळलास. तिथे तुझा पेन अडला नाही. ‘तो कॅटेगरीतून आलाय’ हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकलं असशील, कदाचित स्वतःही म्हणाला असशील. मीही म्हटलेलं आहे. आपण दोघेही अशा घरांतले आहोत, जिथे आडनाव सांगताना आवाज खाली जात नाही. आता पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी तुला न विचारता रकान्यात बसवलं, आणि तुझी रात्रीची झोप गेली. हे तिथे घेऊन जा. नेहरू जॅकेटपेक्षा जास्त कामाला येईल.

तिथे कसं असतं ते थोडक्यात सांगते. वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांची ही शिबिरं 1988 साली ‘यूथ फॉर युरोप’ या नावाने सुरू झाली. वय 13 ते 30, मुक्काम 5 ते 21 दिवसांचा. सकाळी ‘एनर्जायझर’ म्हणजे आपल्या शाखेत किंवा सेवादलात खेळायचे तसले खेळ, मग फ्लिपचार्ट, रंगीत चिठ्ठ्या, गटचर्चा, संध्याकाळी दिवसाची उजळणी. पहिले दोन दिवस तुला हे सगळं बालिश वाटेल. वाटू दे. तिसऱ्या दिवशी आपोआप हात वर व्हायला लागतो.

एका खेळाबद्दल मात्र आधीच सांगून ठेवते, कारण सामाजिक समावेशनाचं शिबिर म्हटलं की तो हमखास येतोच. युरोप परिषदेच्या 2002 सालच्या मानवी हक्क शिक्षणाच्या पुस्तिकेत तो आहे आणि तिथून तो जगभर गेला. सगळे एका रेषेत उभे राहतात. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी: तू बँक मॅनेजरची मुलगी, तू बेकायदा राहणारा मजूर, तू शाळा सोडलेली सतरा वर्षांची रोमा, म्हणजे लोक ज्यांना ‘जिप्सी’ म्हणतात त्यांच्यातली, मुलगी. मग कुणीतरी वाक्यं वाचतं, ‘मला पोलिसांची भीती वाटत नाही’, ‘मी वर्षातून एकदा सहलीला जाऊ शकते’. तुझ्या चिठ्ठीला ते लागू होत असेल तर एक पाऊल पुढे. शेवटी काही जण भिंतीला टेकतात आणि काही जण जागचे हललेलेही नसतात. मग सगळे गंभीर होतात, कुणी डोळे पुसतं.

खेळ चांगला आहे, पण त्याचं शिक्षण पुढे गेलेल्यांना मिळतं आणि किंमत मागे राहिलेल्यांना पडते, असं माझं मत झालंय. वीस जणांत एखादी तरी असते जिला चिठ्ठीत स्वतःचंच आयुष्य मिळतं, किंवा मिळत नाही आणि ती शेजारणीला आपलं आयुष्य अभिनय करून दाखवताना बघते. त्या वेळी पुढे गेलेल्यांत असशील तर वळून बघ, पण बघत उभा राहू नकोस. चहाच्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन सहानुभूती तर मुळीच पाजू नकोस. पत्ते खेळतेस का, असं विचार.

आता शेवटचा प्रश्न, आणि त्यात माझी फजिती.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी इथल्या आठ मुलांना घेऊन त्याच भागात गेले होते, पूर्व स्लोव्हाकियात. सांस्कृतिक संध्याकाळ होती. म्हणजे प्रत्येक देशाचं एक टेबल, त्यावर झेंडा आणि खाऊ. मी गटप्रमुख, गट जर्मनीचा, पण टेबलाच्या कोपऱ्यात आपला तिरंगा आणि चिवडा ठेवलाच. नऊवारीसुद्धा नेसले होते. बावीस भाषा, सगळे धर्म, विविधतेत एकता, असं घोटून पाठ केलेलं भाषण केलं. यजमान गटात प्रेशोवजवळच्या खेड्यातली एक रोमा मुलगी होती, सतरा वर्षांची. तिने हात वर केला. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “आम्ही तिकडूनच आलो म्हणतात. मग तुमच्याकडे आम्ही कोण?”

मी हसले. “तुम्ही आमच्याच! आमच्या बहिणी!” असं म्हणून मोकळी झाले. टाळ्या पडल्या. तिने टाळी वाजवली नाही. मूठभर चिवडा घेतला आणि जागेवर जाऊन बसली.

रात्री भांड्यांची पाळी आमच्या दोघींची. ती घासत होती, मी पुसत होते. पुसलेल्या ताटल्यांच्या चळतीवर बोट ठेवत ती मोजत होती: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. माझ्या हातातलं फडकं थांबलं. पुढे सातला ‘एफ्ता’, आठला ‘ओख्तो’, नऊला ‘एन्या’, हे ग्रीक. वाटेत कित्येक पिढ्या तिकडे काढल्याची खूण. दहाला परत ‘देश’. मग मी नळाकडे बोट दाखवलं, ती म्हणाली ‘पानी’. नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’. ब्रेडला ‘मानरो’. त्याचं नातं आपल्या पुरणाच्या मांड्याशी लागतं, हे मला नंतर कळलं. आपल्या शेजारच्या हाल्लेमध्ये रूडिगर नावाच्या विद्वानाने 1782 सालीच ही भाषा भारतातून आल्याचं लिहून ठेवलंय. मी इतकी वर्षं त्या गावाच्या बाजूला राहते, पण मला ते सिंकपाशी कळायचं होतं.

मी अगदी हरखून गेले होते. ती मात्र नव्हती. तिने नळ बंद केला आणि प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी सोपा करून: “तुमच्या गावात गावाबाहेर कोण राहतं?”

मी सोलापूरची. आमच्या शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे, आजही त्याच नावाने ओळखतात. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे पारधी, कैकाडी अशा कित्येकांना तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. देश स्वतंत्र झाला 1947 ला. हे लोक सुटले 31 ऑगस्ट 1952 ला. मी लहान होते तेव्हा तार निघून कित्येक वर्षं झाली होती. तरी वाड्यात कुणाची कळशी हरवली की मोठी माणसं एकमेकांकडे बघायची आणि ‘सेटलमेंट’ एवढा एकच शब्द बोलायची. पुढे काही सांगावं लागत नसे.

हे सगळं मी तिला सांगितलं, जमेल तसं, हातवारे करून. तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “तू कधी गेली होतीस तिथे?”

घरापासून सायकलवर वीस मिनिटांचं अंतर. मी म्हटलं, “नाही.”

तिने नळ पुन्हा सोडला.

म्हणून तुला सांगते, सांस्कृतिक संध्याकाळी कुर्ता घाल, लेझीम कर, खुशाल कर, मुलांना आवडतं. पण ‘तुमच्याकडे आम्ही कोण’ हा प्रश्न तुला कुणी ना कुणी विचारेलच, कदाचित वेगळ्या शब्दांत. त्याचं स्वतःच्या गावचं उत्तर तयार ठेव. भारताचं उत्तर नको. भारताचं उत्तर देताना आपण सगळे राजदूत होतो आणि राजदूत खरं बोलत नाहीत. तुझ्या नाशिकच्या शाळेत, तुझ्या सोसायटीत, तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात वेगळा कप कुणासाठी होता, एवढं आठव. माहीत नसेल तर निघण्याआधी आईला फोन करून विचार. ती आधी ‘तसं काही नव्हतं आपल्याकडे’ म्हणेल. मग थोड्या वेळाने सांगेल.

जर्मनीत तुला कुणी ‘पण तू मूळचा कुठला?’ विचारलं की तू मला रागाने मेसेज करतोस. रास्त आहे. आपल्याकडे त्याच प्रश्नाला ‘पूर्ण नाव काय?’ म्हणतात, आणि ते विचारणाऱ्यांत आपली माणसं असतात. तुझ्याकडे दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. एकच बाजू सांगितलीस तर ते त्या मुलांना लगेच कळेल, फार हुशार असतात.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. शब्द जुळले म्हणून ‘तुम्ही आमचे हरवलेले भाऊ’ करत गळ्यात पडू नकोस. हजार वर्षांपूर्वी निघालेल्यांना आता आपल्याकडून मायभूमी नकोय. ते स्लोव्हाकियाचे नागरिक आहेत आणि त्यांना तिथल्याच शाळेत बाकीच्यांबरोबर एका बाकावर बसायचंय. तुझी गाडी बहुतेक चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावावरून जाईल. त्या गावच्या 18 रोमा मुलांना बौद्धिक अक्षमतेच्या विशेष शाळांत टाकलं होतं. ते युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर 2007 मध्ये जिंकले. तुम्ही उतरणार त्या कोशित्सेत 2013 साली, म्हणजे ते शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना, रोमा वस्तीकडच्या बाजूला भिंत उभी राहिली, आणि ती पाडा म्हणून सांगायची वेळ युरोपियन कमिशनवर आली. हे वाचून जा, पण तिथे जाऊन हे त्यांनाच सांगू नकोस.

आणि ‘जिप्सी’ हा शब्द इथेच ठेवून जा. आपल्याला मराठीत त्यात भटकंती आणि कविता ऐकू येते. त्यांना पोलिसाचा आवाज ऐकू येतो.

जमलं तर आधी एक दिवस बर्लिनला जा. राइशस्टागच्या, म्हणजे संसद भवनाच्या, शेजारी झाडांत एक काळं गोल पाणी आहे, मधोमध त्रिकोणी दगड आणि त्यावर रोज एक ताजं फूल. नाझींनी मारलेल्या सिंती (रोमांचीच जर्मनीकडची शाखा) आणि रोमा लोकांचं ते स्मारक 2012 साली झालं. तो वंशसंहार होता हे मान्य करायलाच जर्मन सरकारने 1982 उजाडू दिलं. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री आउशवित्समधल्या रोमा छावणीतल्या उरलेल्या चारेक हजार लोकांना, म्हातारे आणि मुलं यांच्यासकट, मारून टाकलं. त्या तारखेला दरवर्षी देशोदेशीची रोमा आणि बिगर-रोमा तरुण मुलं पोलंडमधल्या क्राकूवला जमतात. त्या जमण्याचं नाव ‘दिख हे ना बिस्तेर’. मोठ्याने म्हणून बघ. भाषांतर मी देत नाही, तुला ते नाशिकमध्येच येत होतं. ‘बिस्तेर’ म्हणजे ‘विसर’.

बाकी दिवसभरातली सत्रं नीट चालतील, त्याची काळजी नको. लक्ष ठेवायचं ते सत्रांच्या मधल्या वेळात. जेवणाच्या टेबलावर सगळे जर्मन एकीकडे का बसलेत, विनोद फक्त फर्ड्या इंग्रजीत का होतायत, रात्री गच्चीवर बिअर निघाली की कोण हळूच खोलीत जातं. तुझं इंग्रजी चांगलं आहे, म्हणून सावकाश बोल. भांड्यांची पाळी कुणी बदलून मागितली तर घे, सिंकपाशी जे कानावर पडतं ते फ्लिपचार्टवर येत नाही.

तिकिटं आणि बोर्डिंग पास फेकू नकोस, त्याशिवाय संस्था पैसे देत नाही. मागच्या वर्षी एकाने ट्रेनचं तिकीट बुकमार्क म्हणून वापरलं आणि लायब्ररीत पुस्तकासकट परत केलं. परत आलास की त्याच रविवारी इकडे जेवायला ये. आईने पाठवलेली शेंगाची चटणी अर्धी बरणी उरली आहे. तिथून मला ‘भाकरी’ला आणि ‘कुंपणा’ला त्यांचे शब्द विचारून आण. पहिला मला माहीत आहे, पण तुझ्या तोंडून ऐकायचाय.

तुझी,
मावशी